राहिलेली डावी बाजू

पुंडलिकनगरात बन्सी बिडव्याचं सलून शोधायला पाटी वाचावी लागत नाही. पाटी आहे, पण उन्हानं तिच्यावरचं निम्मं नाव खाल्लंय आणि उरलेल्या निम्म्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवलीय. त्यापेक्षा कान उघडे ठेवावेत, असंच त्या गल्लीत सांगायचे. थोडं चाललं की 'कडाक्' असा आवाज यायचा, पाठोपाठ दुसरा 'कडाक्', आणि मग एक समाधानाचं 'हाऽऽ'. नवख्याला वाटायचं, आत कुणी बांबू फोडतंय. बांबू नव्हे, गिऱ्हाइकाची मान असायची.

दाढी सगळेच करतात. बन्सीची कीर्ती दाढी संपल्यावर सुरू व्हायची. तुरटी फिरली, पावडर लागली, की तो खुर्चीमागं उभा राहायचा. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. मग सहज विचारायचा, "काय म्हनते मग सूनबाई?" माणूस सुनेबद्दल बोलायला तोंड उघडायचा, तेवढ्यात मान उजवीकडं, कडाक्. तो सावरेपर्यंत डावीकडं, कडाक्. सुनेचा विषय तिथंच संपायचा. पुंडलिकनगरातली कित्येक घरं बन्सीमुळं टिकलीत, आणि त्याचं श्रेय त्याला कुणी दिलेलं नाही.

मानेत शीण साठतो आणि आवाज झाला की तो बाहेर पडतो, असं त्याचं शास्त्र होतं. ते त्याला वडलांनी, रामकिसन बिडव्यांनी, बिडकीनच्या बाजारात लिंबाखाली उभं करून शिकवलं होतं. रामकिसन ते कुणाकडून शिकले हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याचीही मान मोडून मिळायची. या शास्त्रात नियम एकच, पण कडक. मोडायची तर दोन्ही बाजूंनी. एकच बाजू मोडून सोडली, तर सगळा शीण दुसऱ्या बाजूला जाऊन दबा धरून बसतो. अर्धी दाढी आणि अर्धी मान घेऊन माणसाला उंबरा ओलांडू देऊ नये, असं रामकिसन म्हणायचे, आणि बन्सीनं तीसेक वर्षांत कुणाला ओलांडू दिला नव्हता.

या शास्त्राचे सगळ्यात निष्ठावंत भक्त म्हणजे दत्तोपंत. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, तरी स्वतःच्या घरच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे त्यांना कधी सांगता आलं नाही. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टर लुटारू, गोळ्या विषारी आणि बन्सीचा हात म्हणजे धन्वंतरीचा, ही त्यांतली तीन. ते एक दिवसाआड दाढीला यायचे, पण खरे यायचे ते मानेसाठी. "दाढी काय रे, कुणीही करील," ते म्हणायचे. "मान मोडावी बन्सीनं." त्यांच्या पत्नी कालिंदीवहिनी यावर घरात म्हणायच्या, की तशी तयारी त्यांचीही आहे, फक्त कुणी विचारत नाही.

रिटायर झाल्यावर दत्तोपंतांनी गाडी घेतली. रुपेरी, चकचकीत, सीटवरचं प्लॅस्टिक न काढलेली. पहिल्याच आठवड्यात असं लक्षात आलं, की पुढच्या सीटला डोक्यामागं जी उशी असते, तिला कालिंदीवहिनींचा अंबाडा टेकतो आणि पिना टोचतात. मग ती उशी उपटण्यात आली. एकच काढली तर गाडी काणी दिसेल, म्हणून शेजारचीही काढली. दोन्ही उशा पिशवीत घालून माळ्यावर गेल्या. "झोपायला उशी लागते. गाडी चालवायला कशाला?" असं दत्तोपंतांचं मत पडलं, आणि दत्तोपंतांचं मत पडलं की ते उचलायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

एका शनिवारी सकाळी बन्सीला शेजारी बसवून ते खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेले. हा मारुती झोपलेला आहे. इतर गावांत देव उभा राहून नाही तर बसून गाऱ्हाणी ऐकतो, इथं आडवा पडून ऐकतो, आणि मराठवाड्याची गाऱ्हाणी ऐकायची तर हीच पद्धत शहाणपणाची. दर्शन झालं, नारळ फुटला, दोघं परत निघाले. वाटेत दौलताबादजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो. दरवाजा बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं हत्ती असतील, शनिवारची ट्रॅव्हल्स बस नव्हती. एका वेळी एकच गाडी जाते, बाकीच्यांनी रांगेत थांबून एकमेकांची आई-बहीण काढायची असते. दत्तोपंत शिस्तीत थांबले. मागून कोबी भरलेला पिकअप उतारावरून आला आणि तो मात्र थांबला नाही.

धाडकन आवाज झाला. बन्सीला आधी गाडीचं छत दिसलं आणि लगेच मांडीवरचा प्रसाद दिसला. मधलं काहीच दिसलं नाही. दोघं खाली उतरले तेव्हा रस्त्यावर कोबीचे चार गड्डे पडले होते, डिकी आत गेली होती आणि पिकअपवाला आपलीच चूक नाही हे मोठ्यानं सांगत होता. गर्दी जमली. गर्दीनं दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, रक्त कुठं दिसेना, तेव्हा काही झालेलं नाही असा निकाल दिला. आपल्याकडं रक्त सांडल्याशिवाय लागलं असं कुणी मानत नाही. दत्तोपंतांनी तर पिकअपवाल्याला रहदारीच्या नियमांवर असं भाषण दिलं, की ऐकणाऱ्याला वाटावं धडक यांनीच दिली.

भाषण संपल्यावर त्यांनी मानेवरून हात फिरवला. "बन्सी, अवघडली रे जरा. मोड बरं."

बन्सीनं त्यांना दरवाजाजवळच्या दगडावर बसवलं. तळवा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. "काय म्हनते सूनबाई?" कडाक्. उजवीकडचा हा आवाज दुकानातल्या आवाजापेक्षा मोठा निघाला. गर्दीतून कुणीतरी वाहवा केली. बन्सीला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. त्यानं डावीकडं वळवण्यासाठी हात बदलले, तेवढ्यात पिकअपवाल्यानं संधी साधून गाडी दरवाजात घातली. "अरे धरा त्याला!" म्हणत दत्तोपंत उठून धावले. पिकअप पसार झाला, मागं कोबी राहिला.

"पंत, डावी राह्यली," बन्सी गाडीत बसताना म्हणाला.

"उद्या," दत्तोपंत म्हणाले.

उद्या म्हणजे रविवार. सलूनवाल्याच्या आयुष्यात रविवारला जे महत्त्व असतं ते भटजीच्या आयुष्यात लग्नसराईला असतं. आणि त्या रविवारी बन्सीला उशीवरून डोकं उचलता येईना. दुखत होतं म्हणावं तर तो शब्द तोकडा होता. डोकं कुणी रात्रीतून खिळ्यानं ठोकलंय असं वाटत होतं. शेवटी त्यानं स्वतःच्याच केसांना धरून ते वर ओढलं आणि उठून बसला. बायकोनं, गीताबाईनं, चहाचा कप हातात धरून हा प्रकार शांतपणे पाहिला.

"घ्या," ती म्हणाली. "साऱ्या गावाच्या माना मोडल्या. आता तुमची कोन मोडनार?"

"तूच बघ की मोडून. मी सांगतो कसं धरायचं."

"मी नाय बाई. काय झालं तं पोलीस मला धरतेन, तुमाला नाय."

गीताबाईला पोलिसांची भीती वाटली म्हणून बन्सी वाचला, असं म्हणायला हरकत नाही. दुकान बंद राहिलं. दत्तोपंतांचे फोन येत राहिले आणि बन्सीनं ते उचलले नाहीत, कारण मान मोडणाऱ्याची मान धरली ही बातमी गल्लीत फुटणं त्याला परवडणारं नव्हतं. सोमवारी गीताबाईनं त्याला रिक्षात घालून हाडांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर सुमय्या वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी एक्सरे काढला, हाताची पकड पाहिली, बोटांना टोचून पाहिलं.

"हाड शाबूत आहे, काका."

"मंग एवढं दुखतं काहून? फोटोत तं काहीच दिसंना."

"फोटोत हाड दिसतं. तुमचं लागलंय ते हाडाभोवतीचं. मागून धडक बसली तेव्हा सीट पुढं गेली, सीटबरोबर तुमची पाठ पुढं गेली आणि डोकं मागंच राहिलं. मग ते झटक्यानं पुढं आलं. तेवढ्यात मानेचे स्नायू ताणले गेले, बारीक बारीक फाटले. सूज हळूहळू चढते. म्हणून पहिल्या दिवशी माणूस भांडतो आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही." त्यांनी कागदावर काही लिहिता लिहिता विचारलं, "डोक्यामागं उशी नव्हती का सीटला?"

"हाय ना. माळ्यावर हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ती झोपायला नसते, काका. डोकं मागं फेकलं जाऊ नये म्हणून असते."

मग त्यांनी सांगितलं, की गळ्यात पट्टा बांधून देवासारखं बसून राहायचं नाही, सोसेल तेवढी मान दिवसातून चार वेळा हळूहळू हलवायची, शेकायची, गोळ्या घ्यायच्या, काही आठवड्यांत बरं वाटेल. "आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. सलूनमध्ये जाऊन मान मोडून घ्यायची नाही. आपल्याकडं लोक हेच करतात. अपघातानंतर आत कुठं चीर असली, मणका सरकलेला असला, तर एका झटक्यात माणूस कायमचा लुळा पडतो. नाही तर जातोच. हाताला मुंग्या आल्या, पकड सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला, तर मान हलवायचीच नाही. सरळ मोठं हॉस्पिटल. तुमचा व्यवसाय काय?"

"दुकान हाय."

"कसलं?"

"किराना," बन्सी म्हणाला. गीताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस तिला नवीन नवीन धंदे दाखवत होता.

दारापर्यंत जाऊन तो अख्खा मागं वळला, कारण नुसती मान वळत नव्हती. "मॅडम, समजा एकाच बाजूनं मोडली असंल, तं?"

"एक काय नि दोन काय."

घरी येईपर्यंत बन्सीच्या डोळ्यांपुढं तो दगड होता, त्यावर बसलेले दत्तोपंत होते, आणि तो मोठा आवाज कानात होता. गीताबाईनं म्हटलं, "फोन करा की त्यांना. सांगून टाका." बन्सीनं फोन हातात घेतला, नाव काढलं आणि परत खिशात ठेवला. काय सांगणार? तीस वर्षं तुमच्या मानेशी खेळलो, त्यातलं मला काही कळत नव्हतं? त्यानं स्वतःची समजूत घातली, की पंतांना काही झालं असतं तर त्यांनी आतापर्यंत आकाशपाताळ एक केलं असतं. उद्या भेटतीलच. गीताबाई म्हणाली, भेकड आहात तुम्ही. ते खरंच होतं.

मंगळवारी तो मान ताठ ठेवून दुकान उघडायला गेला तर पायरीवर दत्तोपंत बसलेले. त्यांच्यामागं कारभारी नावाचं जुनं गिऱ्हाईक, आणखी एक जण.

"कुठं तोंड काळं केलं होतंस?" दत्तोपंत आत शिरत म्हणाले. "दोन दिवस फोन करतोय. डावी राहिलीय माझी! आणि तुला सांगतो, तुझ्या वडलांचं शास्त्र अगदी खरं निघालं. तू अर्धं ठेवलंस ना, सगळा शीण डावीकडं उतरलाय. डाव्या हाताला मुंग्या येतायत. काल कप सुटला हातातून, आज बशी. हिला सांगितलं नाहीये, ती लगेच गाडी विकायला काढील. चल, उरक."

आणि ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मान पुढं केली.

सवयीनं बन्सीचे हात वर उठले होते, ते त्यानं खाली घेतले. "पंत, उठा. दवाखान्यात जाऊ."

"दवाखान्यातच आलोय."

"थट्टा नाय करीत मी. मुंग्या येतात म्हंजे लई वाईट हाय ते. डॉक्टरबाई म्हनल्या."

"तू डॉक्टरकडं गेलास?" दत्तोपंतांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू सोवळ्यातल्या माणसाला खानावळीतून निघताना पाहिलंय. "तू? बन्सी?"

"गेलो. माझी मान धरली रविवारपास्नं. अन् तुमाला सांगतो, त्या आवाजात काहीच नसतं. शीन-बिन काय नसतो. आवाज व्हतो, तुमाला बरं वाटतं, मला बरं वाटतं. संपलं."

बाकड्यावर कारभारी बसला होता. त्याची मान आठवड्यातून दोनदा मोडली जायची. त्यानं हळूच हात मागं नेऊन ती जागेवर आहे का ते पाहिलं. बन्सीनं तीस वर्षांची कमाई पाच-सहा वाक्यांत रस्त्यावर ओतली होती, आणि पंत अजून खुर्चीतच होते.

"भ्यालास," दत्तोपंत म्हणाले. ते उठले, टॉवेल फेकला. "स्वतःची धरली म्हणून दुसऱ्याच्या मानेला भ्यालास. राहू दे. समोर तन्वीर आहे. एसी आहे त्याच्याकडं." आणि ते निघाले.

तन्वीरचं नवं सलून मोठ्या रस्त्याच्या पलीकडं होतं. काचेचं दार, गोल आरसे, आणि मान मोडण्यात तन्वीरही काही मागं नव्हता. बन्सीनं पडलेला टॉवेल उचलून झटकला. मग त्याला एकदम कळलं, की पंत चाललेत ते कुठं चाललेत, आणि तो धावला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं पाहावं असं शाळेत शिकवतात. बन्सीला समोरचं सोडून काही दिसतच नव्हतं. एक रिक्षा त्याच्या अंगठ्याला चाटून गेली, एका दुचाकीवाल्यानं त्याच्या खानदानाची चौकशी केली. तो काचेच्या दारावर आदळला आणि आत शिरला. दत्तोपंत खुर्चीत होते. तन्वीरचा एक हात त्यांच्या हनुवटीखाली होता.

"तन्वीर! हात काढ!"

"क्या हुआ, बन्सीमामू?"

"काढ म्हनलं ना! ॲक्सिडेंट झालाय त्यांचा. हाताला मुंग्या हायेत. मोडशील तं मरतेन ते!"

तन्वीरनं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. "मेरेकू क्या मालूम मामू, इनो तो बस गर्दन अकड गई बोले!"

बन्सी खुर्चीमागं गेला. त्यानं दोन्ही तळवे दत्तोपंतांच्या कानांवर ठेवले आणि डोकं घट्ट धरलं. दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर विजय पसरला. "आलास ना शेवटी? मोड."

"नाय. नुसतं धरनार."

"किती वेळ?"

"कुनी घेऊन जाईपर्यंत. तन्वीर, एकशेआठला फोन लाव. आनि वहिनींना."

तन्वीरनं फोन लावले, एसी वाढवला आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना चहा मागवला. पुढचा पाऊण तास बन्सी शत्रूच्या दुकानात पंतांचं डोकं धरून उभा होता. पंत त्याला शिव्या देत होते. नालायक म्हणाले, डॉक्टरांचा दलाल म्हणाले, पुढं तर संस्कृतात सुरू झाले. बन्सीची स्वतःची मान आग आग होत होती आणि खांदे भरून आले होते. "पंत, बोला काय बोलायचं ते," तो म्हणत राहिला, "पन हलू नका." मधेच दत्तोपंत हळू आवाजात म्हणाले, "बन्सी, डावा हात मला कळत नाहीये रे." त्यानंतर त्यांनी एकही शिवी दिली नाही.

मोठ्या हॉस्पिटलात फोटो निघाले, हे मोठे, मशिनीत आडवं घालून काढलेले. डॉक्टर बाहेर आले आणि कालिंदीवहिनींना सांगू लागले, की मानेच्या मणक्याला चीर आहे, मणका किंचित पुढं सरकलाय, नसेवर दाब येतोय, ऑपरेशन लागेल. मग त्यांनी विचारलं, "अपघातानंतर कुणी मानेला झटका वगैरे दिला होता?"

"छे हो," कालिंदीवहिनी म्हणाल्या. "कोण देणार?"

बन्सी तिथंच भिंतीला टेकून उभा होता. दौलताबादच्या दरवाजाजवळची ती गर्दी कुठल्या कुठं पांगलेली. पंत आत, गुंगीत. गप्प राहिला असता तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं.

"मी दिला," तो म्हणाला. "उजवीकडं. धडक बसल्यावर लगेच."

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. बन्सीनं विचारलं, "साहेब, त्यानंच झालं का हे?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. धडकेनंच झालं असेल. धडकेनं झालेलं झटक्यानं वाढलं असेल. फोटोत ते दिसत नाही."

"पुढंही कधी कळनार नाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आज जर कुणी मोडली असती, तर मी आत्ता तुमच्याशी वेगळंच बोलत असतो."

कालिंदीवहिनी ओरडल्या नाहीत. त्या उठल्या आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडं जाऊन बसल्या. त्यांनी कानाखाली मारली असती तर बन्सीला सोसलं असतं. त्या दोन रिकाम्या खुर्च्या मात्र त्याला सोसेनात.

ऑपरेशन नीट झालं. डाव्या हाताच्या मुंग्या हळूहळू उतरायला लागल्या, हे बन्सीला तन्वीरकडून कळायचं, कारण वहिनींना फोन करायची त्याची छाती नव्हती. त्याची स्वतःची मान सांगितल्याप्रमाणं काही आठवड्यांत मोकळी झाली. दुकानातला आवाज बंद झाला. काही गिऱ्हाइकं तुटली. मान मोडत नाही तर नुसत्या दाढीला एवढ्या लांब कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही. ती तन्वीरकडं गेली तर तन्वीरही मोडेना. आता ती कुठं जातात देव जाणे. बन्सी दाढी करून झाली की टॉवेल झटकायचा आणि हात मागं बांधून उभा राहायचा. त्या हातांचं काय करावं ते त्याला सुचत नसे. रात्री पडला की एकेक मान आठवायची, आणि कुठली कुठं गेली असेल, कुणाला काय झालं असेल, याला उत्तर नसायचं.

एके दिवशी कालिंदीवहिनींचा फोन आला. आवाज कोरडा होता. "बन्सीभाऊ, यांची दाढी वाढलीय. घरी येऊन करता का?"

दत्तोपंत पलंगावर उताणे होते. हनुवटीपासून छातीपर्यंत कडक पट्टा, चेहऱ्यावर पांढरं रान माजलेलं. पट्टा काढायचा तर पडल्या पडल्याच काढायचा, आणि तो निघालेला असेल तेवढा वेळ एकानं दोन्ही हातांनी डोकं जागच्या जागी धरून ठेवायचं, असं हॉस्पिटलातून शिकवून पाठवलं होतं. कालिंदीवहिनी उशाशी बसल्या. बन्सीनं पेटी उघडली. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं.

"थांबा," दत्तोपंत छताकडं पाहत म्हणाले. "कालिंदी, तुझे हात थरथरतात. मागच्या वेळी पट्टा बदलला तेव्हा माझा जीव कंठाशी आला होता. तू दाढी कर. डोकं त्याला धरू दे."

"मला कुठं येते दाढी?"

"चुकलीस तर कातडी जाईल. भरून येते."

बन्सीचा हात पेटीतच राहिला. "पंत, त्या दिवशी उजवीकडनं मीच…"

"ठाऊक आहे. मी शुद्धीवर आल्या आल्या हिनं सांगितलं."

"मंग?"

"मग काय मग? माझ्या मानेला तू काय केलंस आणि त्या कोबीवाल्यानं काय केलं, ते कुणाला सांगता येत नाही म्हणे. तू धरून उभा होतास, तेवढं मला माहीत आहे." त्यांनी डोळे मिटले. "धर. घामट हात आधी पूस."

बन्सीनं हात पुसले. उशाशी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही तळव्यांत ते डोकं घेतलं. कालिंदीवहिनींनी पट्टा सोडला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाला साबण लावला. डोळ्यांतसुद्धा लावला. वस्तरा त्यांनी भाजीची सुरी धरावी तसा धरला. गालावर एक रेघ उठली, मग आणखी एक, मिशीचा कोपरा गेला. बन्सीनं ओठ आवळून धरले. दत्तोपंत आधी कण्हत होते, मग पुटपुटत होते, मग गप्प झाले, आणि बघता बघता घोरायला लागले.

तेव्हा बन्सीच्या हातांत एकदम भार आला. तीस वर्षांत त्यानं डोकी किती हाताळली याला गणती नाही, पण ती सगळी जागी होती. जागेपणी माणूस आपलं डोकं आपणच थोडंफार धरून असतो. हे पूर्ण सोडलेलं होतं. एवढं जड असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मनगटांत कळा सुरू झाल्या, नाकावर माशी येऊन बसली, डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

कालिंदीवहिनींनी वस्तरा थांबवून त्याच्याकडं पाहिलं. "दमलात का, बन्सीभाऊ?"

"नाय वहिनी," तो हळूच म्हणाला. "तुमचं चालू द्या. मी धरलंय."